जुनी गाडी, नवा वायपर

जुन्या वस्तूवर जीव लावणाऱ्या माणसाला एक प्रश्न केव्हा ना केव्हा सोडवावाच लागतो. वस्तू जशी हाती आली तशीच जपावयाची, की तिच्याकडून काम करून घेण्यासाठी तिच्यात फेरफार करावयाचा? भिंतीवरचे जुने घड्याळ दहा मिनिटे मागे पडले, तर कोणाचे फारसे बिघडत नाही. पण जी जुनी वस्तू भर रस्त्यावर धावते, तिच्या उणिवेची किंमत मालकालाच नव्हे, तर समोरून येणाऱ्या अनोळखी वाटसरूलाही मोजावी लागते. अमेरिकेतील जुन्या पिकअप ट्रकांच्या वायपरची गोष्ट त्या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे.

पिकअप म्हणजे पुढे दोघा-तिघांना बसता येईल एवढी बंदिस्त जागा आणि मागे माल टाकण्यासाठी उघडा हौदा असलेली हलकी मालमोटार. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ साली, फोर्ड कंपनीने एफ या अक्षराने ओळखली जाणारी ट्रकांची नवी मालिका बाजारात आणली. तिच्यातील सर्वांत लहान गाडी एफ-१. शेतकऱ्याचे धान्य, सुताराच्या फळ्या, दुधाचे कॅन अशी ओझी वाहण्यात या गाड्यांचे आयुष्य गेले. ज्या त्यातून वाचल्या, त्यांना आता हौशी माणसांच्या गॅरेजात मानाचे स्थान मिळाले आहे. गंज खरवडला जातो, मूळ छटेचा रंग मिळवला जातो, हौद्यातील लाकडी पट्ट्या नव्याने बसविल्या जातात. गाडी आरशासारखी चकाकू लागते. आणि मग एके दिवशी ती पावसात सापडते.

सपाट रस्त्यावर, बेताच्या वेगात, वायपर ठीक चालतो. चढ लागला की चालक अ‍ॅक्सिलरेटर दाबतो, आणि नेमक्या त्याच क्षणी काचेवरचा हात मंदावतो, अडखळतो, कित्येकदा मध्येच थांबतो. चढ संपून उतार लागला, पाय उचलला, की तोच वायपर भूत संचारल्याप्रमाणे सपासप फिरू लागतो. समोरच्या वाहनाला ओलांडून पुढे जाताना दृष्टी सर्वांत स्वच्छ हवी. तेव्हाच ती झाकोळते. नवख्या मालकाला हा बिघाड वाटतो. वस्तुतः ही त्या यंत्राची जन्मजात प्रकृती आहे.

कारण हे वायपर विजेवर चालत नाहीत. ते इंजिनाच्या श्वासावर चालतात. सिलिंडरमधील दट्ट्या खाली येताना हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढून घेतो. ज्या नळीवाटे हे मिश्रण येते, तिला इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात. इंजिन नुसते संथ चालू असताना हवेची वाट जवळजवळ मिटलेली असते, म्हणून या नळीत जोराचे शोषण निर्माण होते. निरोगी इंजिनात ते पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांपर्यंत भरते. या नळीपासून एक रबरी नळी वायपरच्या डबीकडे नेलेली असते. डबीत एक झडप असते. तिच्या एका बाजूला शोषण आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा लागली की ती ढकलली जाते. टोकाला पोचताच लहानसे कवाड उलटते, बाजू बदलतात, आणि ती परत फिरते. तिच्याबरोबर काचेवरचा हातही इकडून तिकडे फिरतो. मात्र अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की हवेची वाट सताड उघडते, शोषण शून्याच्या जवळ येते, आणि वायपरचे बळच नाहीसे होते.

अशी युक्ती शहाण्या माणसांनी का पत्करली असेल? काचेवरचे पाणी पुसण्याची कल्पनाच मुळी फार जुनी नाही. अलाबामा राज्यातील मेरी अँडरसन या बाईने न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात ट्रामच्या चालकाची हिमवर्षावामुळे होणारी तारांबळ पाहिली, आणि आत बसून हाताने फिरविता येईल अशा पुसणीचे पेटंट १९०३ साली मिळविले. त्या पेटंटातून तिला पैसा मिळाला नाही. पुढे १९१७ साली बफेलो शहरात जॉन ओइशी या गृहस्थांच्या मोटारीने भर पावसात एका सायकलस्वाराला धक्का दिला. त्या प्रसंगाचा त्यांच्या मनावर इतका परिणाम झाला की त्यांनी काच पुसण्याच्या साधनांचाच धंदा उभारला. ट्रायको या नावाने ती कंपनी प्रसिद्धीस आली, आणि शोषणावर चालणारे वायपर तिने घरोघरच्या मोटारींपर्यंत पोचविले. त्या काळी मोटारीची विद्युत्‌व्यवस्था सहा व्होल्टची, वीज निर्माण करणारा डायनॅमोही बेताचा. दिवे आणि स्टार्टर यांनाच ती वीज कशीबशी पुरे. इंजिनाचे शोषण मात्र आपोआप मिळत होते. तेव्हा ही योजना मूर्खपणाची नव्हती. ती काटकसरीची होती. उणीव होती ती एवढीच की काटकसरीचा भार नेमका संकटाच्या क्षणावर पडत होता.

अशा गाडीचा मालक सुधारणेस हात घालतो, तेव्हा त्याने प्रथम जुन्या यंत्राला न्याय द्यावा हे उचित. पुष्कळदा दोष जातीचा नसून वयाचा असतो. रबरी नळीला बारीक चिरा पडलेल्या असतात, डबीतील झडपेची कड झिजलेली असते, हाताच्या खुंट्या वंगणावाचून घट्ट झालेल्या असतात. नळी बदलून व खुंट्या मोकळ्या करून वायपर बराच सुधारतो. दुसरा मार्गही त्याच काळातला आहे. काही गाड्यांच्या पेट्रोलपंपाला शोषणासाठी दुसरा पडदा जोडलेला असे. इंजिनाचे शोषण कमी पडले की हा पडदा मदतीस येई. तथापि या उपायांनी दुखणे हलके होते, मुळातून जात नाही. मुळातून घालवावयाचे तर विजेची मोटर बसवावी लागते. तिचा वेग अ‍ॅक्सिलरेटरवर अवलंबून नसतो.

येथे घाई करून चालत नाही. फोर्डचे हे ट्रक १९५५ पर्यंत सहा व्होल्टचे होते आणि बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असे. १९५६ पासून बारा व्होल्ट आले आणि सांगाड्याला ऋण टोक जोडले जाऊ लागले. बारा व्होल्टची मोटर सहा व्होल्टवर रेंगाळते. सहाची बारावर जळते. शिवाय तेवढ्याच कामासाठी सहा व्होल्टच्या व्यवस्थेत दुप्पट प्रवाह लागतो. छत्तीस वॅटच्या मोटरला बारा व्होल्टवर तीन अँपिअर पुरतात, सहावर सहा लागतात. म्हणून तार जाड हवी, आणि सांगाड्याशी जोड करताना रंग खरवडून स्वच्छ धातू उघडा करावयास हवा. नव्या रंगाच्या कौतुकापायी हा जोड कच्चा राहतो आणि दोष मोटरला दिला जातो.

फ्यूजचेही तसेच. शोषणाचा वायपर बर्फात अडकला, तर तो मुकाट्याने थांबतो. विजेची मोटर हट्टी असते; ती ढकलीतच राहते आणि अखेर जळते. तेव्हा योग्य मापाचा फ्यूज वगळणे म्हणजे एक धोका घालवून दुसरा घरात घेणे होय. हीच ताकद झिजलेल्या दांड्यांना व खुंट्यांनाही सोसावी लागते. म्हणून मोटरपूर्वी त्यांची दुरुस्ती. मॅनिफोल्डवरची मोकळी झालेली तोटी घट्ट बंद करावयास विसरल्यास तेथून फाजील हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन संथ चालताना अडखळू लागते. शेवटी हात बसवून पाहावयाचे, ते काच ओली करून. कोरड्या काचेवर रबर घासते व मोटरवर नाहक भार पडतो.

यावर जुन्याचे कडवे अभिमानी आक्षेप घेतील. कारखान्यातून आलेला स्क्रूसुद्धा बदलू नये, असे मानणारी ही मंडळी आहेत, आणि त्यांच्या आग्रहामुळेच पुष्कळ मोलाचे यंत्रवैभव टिकून राहिले आहे. प्रदर्शनात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या बाबतीत त्यांचे म्हणणे खरेही आहे. परंतु जी गाडी पावसात, वळणावर, शाळेतून परतणाऱ्या मुलांच्या शेजारून जाणार, तिला हा न्याय लावता येत नाही. ओइशींच्या गाडीपुढे आलेला सायकलस्वार कोणत्याही काळात, कोणत्याही रस्त्यावर पुढे येऊ शकतो.

यातून जाणत्या कारागिरांनी मध्यम मार्ग काढला आहे. नवी मोटर जुन्याच भोकांत बसेल अशी पट्टी तयार करावी. पत्र्याला नवे छिद्र पाडू नये. मूळ डबी स्वच्छ करून, कापडात गुंडाळून, तिचे स्क्रू एका पुडीत घालून गॅरेजातच ठेवावी. पुढे केव्हा कोणाला गाडी मूळ रूपात पाहावीशी वाटली, तर एका दुपारच्या कामात ते साधावे. असा फेरफार जुन्या वस्तूचा अवमान करीत नाही. तो पुढच्या मालकाचा हक्क राखून ठेवतो.

मग पाऊस येतो. चढ लागतो. अ‍ॅक्सिलरेटर खाली जातो, जुने इंजिन आपल्या जुन्याच आवाजात घुमू लागते, आणि काचेवरचा हात न अडखळता फिरत राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला गाडीत काही बदलल्याचा पत्ताही लागत नाही. आत बसलेल्याला मात्र पुढचा रस्ता दिसत असतो.