भीति एकीकडे, धोका दुसरीकडे

जत्रेंतल्या उंच पाळण्यांत बसतांना मनुष्य दोन गोष्टी मनांत धरून बसतो. वर गेल्यावर पोटांत गोळा येईल ही एक; आणि खालीं उतरल्यावर आपण सुखरूप घरीं जाऊं ही दुसरी. पहिल्या गोष्टीसाठीं तो पैसे मोजतो. दुसरीबद्दल तो कोणाला विचारीतही नाहीं. भीति पुरेपूर मिळावी, पण धोका मात्र मिळूं नये, असा हा एक न लिहिलेला करार आहे. हा करार पाळण्यासाठीं केवढा विचार खर्चीं पडतो, आणि इतकें करूनही तो भलत्याच ठिकाणीं कसा मोडतो, हें अमेरिकेंतील एका रोलर कोस्टरच्या इतिहासांत चांगलें पाहावयास सांपडतें.

अमेरिकेच्या ओहायओ संस्थानांत सँडस्की या गांवीं ईरी सरोवरांत शिरलेली जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे. तिच्यावर सीडर पॉइंट नांवाचें क्रीडोद्यान वसलेलें आहे. १८७० सालापासून लोक तेथें पाण्याच्या कांठीं करमणुकीसाठीं जात आले आहेत. या उद्यानांत ४ मे २००३ रोजीं ‘टॉप थ्रिल ड्रॅगस्टर’ ही पोलादी गाडी सुरू झाली. तिला अडीच कोटि डॉलर खर्च आला होता. तिच्या मार्गांत टेकडी अशी एकच होती. पण ती ४२० फूट, म्हणजे १२८ मीटर उंच. मुंबईचा राजाबाई टॉवर २८० फुटांचा आहे. त्याच्या दीडपट उंचीवर ही गाडी सरळ उभी चढे आणि पलीकडे गिरकी घेत तशीच उभी उतरे. त्या वेळीं जगांत इतकी उंच आणि इतकी वेगवान रोलर कोस्टर दुसरी नव्हती. २००५ सालीं न्यू जर्सींतील ‘किंग्डा का’ हिनें ते दोन्ही मान हिरावून घेतले.

रोलर कोस्टरची जुनी रीत अगदीं साधी आहे. गाडी उंचावर न्यावयाची आणि तेथून सोडून द्यावयाची. पुढचें काम गुरुत्वाकर्षण करतें. कोनी आयलंड येथें १८८४ सालीं थॉम्सन यानें आपली गाडी सुरू केली, तेव्हां प्रवासी स्वतःच मनोऱ्यावर चढून तिच्यांत बसत. पुढें साखळी आली आणि माणसांसह गाडीला वर ओढून नेऊं लागली. रीत कोणतीही असो, उंची आधीं आणि वेग मागाहून, हा क्रम कायम होता. उंची एकदां पदरांत पडली म्हणजे पुढची लहान टेकडी गाडी चढेल कीं नाहीं, ही चिंता फारशी उरत नसे.

ड्रॅगस्टरनें हा क्रम उलटा केला. तिच्यांत वेग आधीं आणि उंची मागाहून. सपाट रुळांवर उभी असलेली गाडी चार सेकंदांच्या आंत ताशीं १२० मैल, म्हणजे १९३ किलोमीटर वेगाला पोंचे. ही शक्ति एकाएकीं आणावयाची कोठून? त्यासाठीं पंपांनीं मोठमोठ्या नळकांड्यांत तेल दाबून भरीत. त्या नळकांड्यांत पलीकडे नत्रवायु कोंडलेला असे. तेलाच्या रेट्यानें तो स्प्रिंगेसारखा आकसून बसे. इशारा होतांच वायु फुगे, तेल जोरानें उसळे, त्याच्या जोरावर मोटारी फिरत, मोटारी एक प्रचंड रहाट फिरवीत, आणि रहाटावर गुंडाळला जाणारा पोलादी दोर एका लहान गाड्याच्या साहाय्यानें अठरा माणसांच्या गाडीला ओढून नेई. प्रवाशाच्या पाठीवर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ दीडपट रेटा पडे. दोर सुटला म्हणजे गाडीला पुढें कोणाचीही मदत नसे. मिळालेल्या वेगावरच तिला टेकडी चढावी लागे.

आतां थोडा हिशेब केला पाहिजे. वारा नाहीं आणि घर्षणही नाहीं असें धरलें, तरी १२८ मीटर चढून जाण्यासाठीं पायथ्याशीं ताशीं सुमारें १८० किलोमीटर वेग लागतो. यंत्र देई १९३. हातांत शिल्लक राहिले अवघे तेरा किलोमीटर. आणि त्यांतूनच वाऱ्याचें व चाकांचें देणें भागवावयाचें. ही शिल्लक वाढविणेंही सोपें नव्हतें. कारण माथ्यावरून गाडी भरधाव गेली तर आंतील माणसें आसनांवरून जोरानें वर उचललीं जातील. म्हणून तिनें माथा हळूच ओलांडावा, अशीच योजना होती. सरोवरावरून समोरचा वारा सुटला, हवा गार असली किंवा ओढ थोडी कमी पडली, कीं गाडी माथ्याच्या अलीकडेच थबके, क्षणभर थांबे आणि आली तशी मागें, खालीं येऊं लागे.

पाहणाराच्या छातींत धडकी भरावी असें हें दृश्य खरें. परंतु योजकांनीं हा प्रसंग आधींच हिशेबांत धरला होता. सुटण्याच्या रुळांवर चुंबकीय ब्रेकांच्या पट्ट्या ओळीनें बसविलेल्या असत. गाडी सुटतांना त्या खालीं जात आणि गाडी पुढें गेली कीं वर येत. धातूची पट्टी प्रबळ चुंबकाजवळून वेगानें जाऊं लागली म्हणजे धातूंत विजेचे प्रवाह उत्पन्न होतात आणि ते त्या गतीलाच विरोध करतात. वेग जितका अधिक, तितका हा विरोध सामान्यतः जोराचा. त्याला बाहेरून वीज लागत नाहीं आणि त्यांत कांहीं घासतही नाहीं. म्हणून उद्यानांतील सारी वीज गेली तरी हा ब्रेक आपलें काम करतो. मागें आलेली गाडी सुरक्षित मंदावे. तिला पुन्हा मुळाशीं नेत आणि पुन्हा सोडीत. कित्येक हौशी लोक तर आपल्याच गाडीला असें व्हावें, अशी आशा धरून रांगेंत उभे राहत. कारण एका तिकिटांत दोनदां झेप मिळे.

म्हणजे ज्या गोष्टीची सर्वांना सर्वांत अधिक भीति वाटे, तीच सर्वांत अधिक विचार करून बांधून काढलेली होती. धोका आला तो दुसऱ्या वाटेनें. २००४ च्या जुलईंत ओढणाऱ्या पोलादी दोराचे बारीक तुकडे उडाले आणि चार प्रवाशांना लागले. आणि १५ ऑगस्ट २०२१ रोजीं, गाडी फेरी पुरी करीत असतां, तिच्या मागच्या बाजूस बोल्टांनीं बसविलेली एक लोखंडी पट्टी सुटली. ती फार तर माणसाच्या पंजाएवढी. गाडींत बसलेल्या कोणालाही कांहीं झालें नाहीं. खालीं रांगेंत आपल्या पाळीची वाट पाहत उभ्या असलेल्या एका स्त्रीच्या डोक्यावर ती आदळली आणि तिला अत्यंत गंभीर दुखापत झाली. ती स्त्री गाडींत चढलीही नव्हती. करारांतली भीति तिच्या वाट्याला आली नाहीं. धोका मात्र आला.

ही पट्टी गाडी कोठें आहे हें यंत्रणेस समजावें म्हणून लावलेली होती. सुरक्षिततेवर नजर ठेवणाऱ्या व्यवस्थेचाच तो एक भाग, तोच निखळला. ओहायओंत अशा खेळांची तपासणी शेतकी खात्याकडे असते. त्या खात्यानें पुष्कळ महिने चौकशी केली आणि फेब्रुवारी २०२२ मध्यें निर्णय दिला, कीं उद्यानानें कायदा मोडल्याचा पुरावा नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें प्रश्न तेथें मिटला असेल. परंतु जुनी ड्रॅगस्टर पुन्हा धांवली नाहीं. त्याच वर्षीं सप्टेंबरांत ती त्या रूपांत कायमची बंद केल्याचें उद्यानानें जाहीर केलें.

टेकडी मात्र पाडली नाहीं. तिच्यासमोर, रुळांच्या दुसऱ्या टोंकास, तितकाच उंच दुसरा मनोरा उभारला आणि ४ मे २०२४ रोजीं ‘टॉप थ्रिल टू’ सुरू झाली. तेलाचा दाब, रहाट आणि दोर हें सर्व काढून टाकलें. त्यांच्या जागीं रुळांलगत विद्युच्चुंबकांच्या ओळी बसविल्या. त्यांतील प्रवाह क्रमाक्रमानें बदलत जातो आणि गाडीला पुढें ढकलीत नेतो. दोरच नाहीं, मग त्याचे तुकडे उडणार कोठून? सर्वांत मौजेची गोष्ट पुढेंच आहे. पहिल्या झेपेंत गाडीला मुद्दामच कमी वेग देतात, ताशीं ७४ मैल. ती टेकडीवर अर्धवट चढते आणि मागें घसरते. मग तिला उलट्या दिशेनें १०१ मैलांचा वेग देऊन मागच्या मनोऱ्यावर पाठवितात. तेथून ती उतरूं लागली कीं पुन्हा जोर देतात, आणि १२० मैलांच्या वेगानें ती माथा ओलांडते. पूर्वीं जें अपयश होतें, तोच आतां खेळाचा पहिला अंक झाला. इतकें करूनही ही नवी गाडी आठवडाभरांतच थांबवावी लागली. गाड्यांच्या यांत्रिक भागांत फेरफार करणें भाग पडलें, आणि २०२५ च्या हंगामांत ती पुन्हा सुरू झाली. तयार झालेली गाडी सबंध हंगाम उभी ठेवणें हें तोट्याचें काम. तरी करार पाळावयाचा तर तें करावेंच लागतें.

मनुष्याची भीति डोळ्यांच्या मागोमाग जाते. उंच टेकडी दिसते, म्हणून तिची भीति वाटते; बोल्ट दिसत नाहीं, म्हणून त्याची वाटत नाहीं. यंत्र बांधणाराचें आणि तें चालविणाराचें मन मात्र नेमकें उलट दिशेनें जावें लागतें. हें ओहायओंतील प्रचंड गाडीविषयीं जितकें खरें, तितकेंच गांवच्या जत्रेंत दोन दिवसांत उभारलेल्या पाळण्याविषयींही खरें आहे. पाळण्याकडे पाहतांना मुलें वर पाहतात. त्यांचा हात धरून उभ्या असलेल्या वडील माणसांनीं एकदां खालीं पाहावें: पायथ्याशीं पाना घेऊन प्रत्येक बोल्ट आवळून पाहणारा कोणी आहे ना, आणि रांग गाडीच्या वाटेपासून पुरेशी दूर आहे ना, हें पाहावें. तो पान्याचा माणूस दिसला, तर मग मुलांना खुशाल भिऊं द्यावें.