पत्रकातली भाषा आणि बांधीवरची भाषा

(भंडारा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गात अर्थकारणावर भाषणे होतात, संघटनेच्या शिस्तीवर होतात, जातिप्रश्नावर होतात. लिहिण्यावर सहसा होत नाहीत. लिहिणे हे लेखकांचे काम आणि मोर्चा काढणे हे कार्यकर्त्याचे, असा समज चळवळीत खोलवर रुजलेला आहे. वस्तुतः कार्यकर्त्याइतके लिहिणारी माणसे थोडीच असतील. तहसीलदारांना द्यावयाचे अर्ज, निवेदने, पत्रके, ठराव, साप्ताहिकाला पाठवावयाची वार्तापत्रे यांनी वर्षाकाठी एक जाड वही सहज भरते. प्रश्न इतकाच की, त्या वहीत तो कार्यकर्ता स्वतः कितीसा सापडतो?

दिवाळी झाली की या भागात गावोगाव मंडई भरते आणि रात्री दंडार उभी राहते. त्या दंडारीत उभा राहणारा शेतमजूर कोठेही न अडखळता, कागदाचा चिटोराही हाती न घेता हजार माणसे पहाटेपर्यंत जागी ठेवतो. त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी गावच्या तलावाच्या पाळीबद्दल अर्ज लिहावयास सांगावे. तो लिहितो : ‘वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदर तलावाची दुरवस्था झाली असून शेतकरी बांधवांची प्रचंड हेळसांड होत आहे, तरी मेहेरबान साहेबांनी योग्य ती कार्यवाही करावी.’ पाळ कोणत्या अंगाने फुटली, किती वर्षांपासून पाझरते, यंदा किती बांध्यांची रोवणी राहिली, कोणाचे पऱ्हे वाळले, हे सर्व त्याला तोंडपाठ असते. अर्जात त्यातले काहीही नसते. असा अर्ज जिल्ह्यातल्या कोणत्याही मामा तलावाला लागू पडतो, आणि कोणत्याही तलावाला लागू पडणारा अर्ज कोणत्याही तलावासाठी वाचला जात नाही. कचेरीतला कारकून त्याला आवक क्रमांक देतो व फायलीत ठेवतो. यात कारकुनाचा दोष थोडा आहे. त्या कागदावर त्याला दुसरे काही करता येण्याजोगे नाहीच.

मालगुजारी १९५१ साली संपली, तलाव सरकारकडे गेले आणि त्यांच्याविषयी बोलण्याची भाषाही सरकारकडे गेली, असे म्हणण्यात अतिशयोक्ती थोडीच आहे.

ही उसनी भाषा येते कोठून? तिचा पहिला उगम भीतीत आहे. झाडीपट्टीच्या बोलीत ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो, ‘ण’च्या जागी ‘न’. डोळ्याला ‘डोरा’ म्हणणाऱ्या मुलाला शाळेत पहिल्याच वर्षी कळते की आपल्या आईचे बोलणे चुकीचे आहे. ते मूल मोठेपणी कार्यकर्ता होते, मंत्र्यासमोर निर्भयपणे उभे राहते, परंतु कोरा कागद पुढे आला की पुन्हा त्या वर्गात जाऊन बसते. शुद्धलेखनाची चूक होण्यापेक्षा काहीही न सांगणे त्याला सुरक्षित वाटते. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीचे नियम मांडले, त्या बोलीची साहित्य संमेलनेही भरू लागली. त्यामुळे निदान ‘अशुद्ध’ हा शिक्का पुसण्यास प्रारंभ झाला. बांधी, धुरा, बोडी, पुंजणे, चुरणे या शब्दांना प्रमाण मराठीत नेमके जोडशब्द नाहीत. ते टाळले म्हणजे केवळ शब्द जात नाही, त्यामागची वस्तूच कागदावरून नाहीशी होते. धानाची शेती करणाऱ्या जिल्ह्याचे गाऱ्हाणे कापसाच्या किंवा उसाच्या जिल्ह्यातल्या शब्दांत मांडले जाते.

दुसरा उगम मात्र घरातला आहे, आणि त्याविषयी पक्षाच्या व्यासपीठावर बोलणे अवघड असले तरी बोलले पाहिजे. पक्षाचीही एक तयार भाषा असते. ‘शोषित-पीडित जनतेचा आक्रोश’, ‘व्यवस्थेच्या जोखडाखाली भरडला जाणारा शेवटचा माणूस’, ‘निर्णायक लढ्याची हाक’ ही वाक्ये एकेकाळी कोणीतरी प्रथमच लिहिली असतील, तेव्हा त्यांत धग असेल. आज ती निवडणूकचिन्हासारखी छापली जातात. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तिच्यातला गहिवर त्यांचा स्वतःचा होता, म्हणून तो मराठी घराघरांत पोहोचला. त्यानंतर समाजवादी कार्यकर्त्यांच्या कित्येक पिढ्यांनी तोच गहिवर उसना घेतला. गुरुजींचे अश्रू गुरुजींना शोभत होते. इतरांच्या लेखणीतून ते वाहू लागले तेव्हा वाचकाने त्यांतला खारटपणा लगेच ओळखला.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. स्वतःचा आवाज, व्यक्तिगत शैली हे सुखवस्तू साहित्यिकांचे चोचले आहेत, चळवळीला एकच आवाज हवा, असे सांगितले जाते. मराठीचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. मराठीत स्वतःचा आवाज ज्यांनी प्रथम कमावला त्यांच्याजवळ सुखवस्तूपणा नव्हता. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापला गेला. मुक्ता तेव्हा चौदा वर्षांच्या आसपासची होती. तिने दुःखाचे वर्णन करून करुणा मागितली नाही. वेदांवर केवळ ब्राह्मणांचा अधिकार असेल तर मग महार-मांगांना धर्मपुस्तकच उरत नाही, असा सरळ तर्क तिने मांडला. छप्पर नसल्यामुळे थंडीवाऱ्यात बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल सांगितले. तिच्यापुढे कोणताही नमुना नव्हता. तिच्या जातीतल्या मुलीने त्याआधी असे काही लिहून छापल्याचे तिला कोठून ठाऊक असणार? डोळ्यांनी पाहिलेले आणि स्वतःच्या बुद्धीने ताडलेले, एवढेच भांडवल तिच्याजवळ होते.

पुढे १८८५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने ग्रंथकारांची सभा भरावयाची होती, तेव्हा जोतीराव फुल्यांनी तिचे निमंत्रण पत्र लिहून नाकारले. हे पत्र मराठीत प्रसिद्धच आहे. त्याचा आशय असा की, त्या सभांतून व पुस्तकांतून निघणारे सूर शूद्रातिशूद्रांच्या जगण्याशी जुळत नाहीत, तेव्हा त्यांनी आपला विचार आपणच केला पाहिजे. हे पत्र सर्वांना आवडते, कारण त्यातला विरोधक परका आहे. दुसरी एक हकीकत मात्र चळवळीत फारशी सांगितली जात नाही. जोतीरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्याची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधु’ पत्रात छापली गेली आणि पुढची छापणे थांबले. ‘दीनबंधु’ हे सत्यशोधकांचेच पत्र, आणि त्याचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे हे गिरणी कामगारांना प्रथम संघटित करणारे, जोतीरावांचे सहकारी. तरीही मजकूर झेपला नाही. जोतीरावांनी तो सल लपविला नाही, लेखी नोंदवून ठेवला. ज्या संपादकाला सरकारच्या रोषाची आणि पत्र बंद पडण्याची चिंता करावी लागते, त्याच्या जागी उभे राहून पाहिल्यास लोखंड्यांना भेकड म्हणणे सोपे नाही. परंतु खऱ्या आवाजाची अडचण शत्रूइतकीच आपल्या माणसांनाही होते, ही गोष्ट त्या दोन प्रकरणांनंतरच्या कोऱ्या जागेत स्पष्ट दिसते. आजच्या साप्ताहिकांनाही ती लागू आहे, यालाही.

विदर्भातलेच आणखी एक उदाहरण बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला भ्रूणहत्येबद्दल १८८१ साली फाशीची शिक्षा झाली, पुढे ती जन्मठेपेवर आली. वृत्तपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीवर जे शिंतोडे उडविले गेले त्यांच्या संतापातून ताराबाईंनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. ती १८८२ साली पुण्यात छापली गेली. तिची भाषा चुलीपुढची, माजघरातली आहे. टोमणे, म्हणी, उलटतपासणी सर्व काही घरात बोलल्यासारखे येते. ग्रांथिक मराठी ताराबाईंना येत नव्हती असे नव्हे. ज्यांना झोडपावयाचे होते ते पुरुष घरातच बसलेले होते, म्हणून भाषाही घरातलीच निवडली गेली. पुस्तकावर टीका झाली, जोतीराव पाठीशी उभे राहिले, आणि त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आढळत नाही. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत ते जवळजवळ विस्मृतीतच गेले होते.

मात्र या उदाहरणांवरून बोली म्हणजे खरी भाषा आणि प्रमाण मराठी म्हणजे खोटी, असा निष्कर्ष काढणाराची फसगत होईल. या जिल्ह्यातूनच १९५४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढविली होती. मतदारसंघ दोन जागांचा होता. एका जागेवर समाजवादी नेते अशोक मेहता निवडून आले आणि राखीव जागेवर बाबासाहेबांचा पराभव झाला. भंडाऱ्याच्या राजकीय स्मृतीत ती निवडणूक अजून सलते. त्या बाबासाहेबांचे मराठी शेतावरचे नव्हते. कोलंबिया आणि लंडन येथील अभ्यासातून तयार झालेल्या मनाचे ते मराठी होते. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा हिंदू समाजाची रचना सांगण्यासाठी त्यांनी जिने नसलेल्या मनोऱ्याचे चित्र उभे केले. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. हे वाक्य पांडित्याचे आहे आणि तरीही ते कोणाचे उसने नाही. उलट शहरात बसून लिहिलेल्या गोष्टीत चार ‘झाडी’ शब्द पेरले म्हणजे आवाज खरा होत नाही. तशी बोली ही दिवाणखान्यात टांगलेल्या जुन्या नांगरासारखी दिसते.

तेव्हा खरी परीक्षा शब्द कोणत्या बोलीतला, ही नव्हे. लिहिणारा कोणाशी बोलतो आहे हे त्याला ठाऊक आहे काय, येथून ती सुरू होते. महानुभावांनी हे सातशे वर्षांपूर्वी जाणले होते. ‘लीळाचरित्रा’त येणारे नीळभट्ट भांडारेकार हे याच भंडाऱ्याचे. त्या पंथातील केशिराज व्यास हे संस्कृतज्ञ. त्यांना संस्कृतात लिहावयाचे होते. नागदेवाचार्यांनी त्यांना थांबविले, कारण त्यामुळे पंथातल्या म्हाताऱ्या स्त्रिया ज्ञानाला मुकल्या असत्या. नागदेवाचार्यांनी भाषेचे तत्त्वज्ञान सांगितले नाही. समोर कोण बसले आहे, एवढेच दाखविले.

आता या जिल्ह्यातल्या विडी कामगार बाईकडे वळावे. विडी कामगारांसाठी कायदा १९६६ साली झाला. विडीवाल्या बाईचे गाऱ्हाणे कायद्याच्या भाषेत ‘किमान वेतनाचे उल्लंघन’ या तीन शब्दांत मावते. तिच्या तोंडी ते असे येते : पाने मोजून कमी देतात, हजाराला पुरत नाहीत, मग पदरचे पैसे घालून पाने घ्यावी लागतात. तयार विड्यांतून मूठभर छाट म्हणून बाजूला काढतात, त्यांची मजुरी देत नाहीत आणि त्या विड्या परतही देत नाहीत. हे दुसरे कथन कायद्याच्या दृष्टीनेही अधिक बळकट आहे. त्यात चोरी कोठे होते, किती वेळा होते आणि कोणाच्या हाताने होते, हे सर्व आले. कार्यकर्ता तिच्याकडून ते ऐकतो, घरी येतो आणि निवेदनात लिहितो, ‘विडी कामगार भगिनींची पिळवणूक थांबवा.’ तिने दिलेला पुरावा त्याने वाटेत सांडून टाकलेला असतो. गोसीखुर्दच्या पाण्याखाली गेलेल्या गावांच्या पुनर्वसनाच्या कागदांतही हेच व्हावयाचे. ‘उपजीविकेची साधने हिरावली गेली’ असे लिहिले की मोबदल्याचा हिशेब मांडणाऱ्याचे काम सोपे होते. कारण साधने म्हणजे किती खंडी धान, कोणत्या काठची मासेमारी, किती मोहाची झाडे, हे विचारण्याची त्याला गरज उरत नाही.

अलीकडे उसन्या आवाजाचा एक नवाच पुरवठादार आलेला आहे. खिशातल्या मोबाईलला दोन ओळींत विषय सांगितला की निर्दोष, शुद्ध, नम्र निवेदन तयार होऊन मिळते. त्यात व्याकरणाची चूक नसते. शाळेत ‘डोरा’ म्हणून ज्याच्या हातावर छडी बसली, त्याला याचा मोह व्हावा यात नवल नाही, आणि त्याला हसण्याचा अधिकारही कोणाला नाही. अडचण निराळी आहे. या यंत्राने पाळीवरचा चिखल तुडविलेला नसतो. कार्यकर्त्याने त्याला जे सांगितले नाही ते यंत्र जाणीत नाही, आणि मोकळी राहिलेली जागा ते गुळगुळीत वाक्यांनी भरून टाकते. पूर्वी कचेरीची भाषा शिकण्यास निदान काही वर्षे लागत. तेवढ्या अवधीत माणसाला आपले काहीतरी हरवते आहे, याची चुटपूट तरी लागत असे.

उपाय मोठा नाही, परंतु वेळखाऊ आहे. वार्तापत्र लिहावयाचे तर प्रथम एका ठरावीक माणसाला, शक्यतो चळवळीबाहेरच्या नातेवाइकाला, पत्र लिहितो आहोत असे समजून लिहावे. पुणे किंवा नागपूर येथे नोकरीसाठी गेलेल्या भावाला गावचा तलाव फुटल्याचे कळवावयाचे असते, तेव्हा कोणी ‘सदर’ लिहीत नाही. त्यानंतर दुसऱ्या गावाचे, दुसऱ्या वर्षाचे नाव घातले तरी जी वाक्ये तशीच टिकतात ती सर्व काढून टाकावीत. पहिल्या खेपेस पानात चार ओळीही उरणार नाहीत, आणि तो अनुभव मानहानीचा असतो. साप्ताहिकाच्या संपादकांनीही त्या चार ओळी छापण्याची तयारी ठेवावी, भले त्यांत पक्षाच्या तालुका शाखेची कानउघाडणी असो.

दुसऱ्याचे गाऱ्हाणे लिहिले असेल तर एक काम उरते. मजकूर पाठविण्यापूर्वी तो त्या बाईला तिच्या ओसरीवर बसून मोठ्याने वाचून दाखवावा. विडी वळता वळता ती ऐकते. जेथे तिचा हात थांबतो आणि ती म्हणते, ‘असं नाई जी,’ तेथे पेन्सिलीने खूण करावी आणि ती काय म्हणते ते पुन्हा लिहून घ्यावे.