ग्रीनलंडचं घर

ग्रीनलंडची भाषा कलाल्लिसुत. 2009पासून तिथली एकमेव अधिकृत भाषा. तिच्यात घराला म्हणतात ‘इल्लु’. आता या शब्दामागे प्रत्यय जोडत जाऊ. इल्लुत म्हणजे घरं, इल्लुमी म्हणजे घरात, इल्लुमित म्हणजे घरातून. इथवर आपल्या विभक्तीसारखंच आहे. पुढे मात्र मोठेपणासुद्धा प्रत्ययातूनच येतो. मोठं घर म्हणजे ‘इल्लोस्सुआक’.

इल्लुचं इल्लो का झालं? या भाषेत पडजिभेजवळून उच्चारला जाणारा एक खोल ‘क’ आहे आणि तिथूनच निघणारा एक ‘र’. शब्दात ‘उ’च्या पाठोपाठ यांतला एखादा आला, की ‘उ’ खाली उतरतो, ‘ओ’ होतो. मोठेपणाच्या प्रत्ययातला ‘र’ स्वतः मात्र पुढच्या ‘स’मध्ये मिसळून जातो, म्हणून ‘स्स’ असा दुहेरी ऐकू येतो. अर्थ बदलणारा प्रत्यय मुळातल्या स्वराचा रंगही बदलतो, आणि मला तरी यातच खरी गंमत वाटते.

असंच ‘असणे’ आणि ‘जागा’ हे दोन प्रत्यय लावले, की होतं इल्लोकाफ्फिक, म्हणजे जिथे घरं आहेत ती जागा. अर्थात, शहर! आणि कातड्याने मढवलेली होडी म्हणजे उमिआक. तिला तोच मोठेपणाचा प्रत्यय लावून म्हटलं ‘उमिआस्सुआक’, की झालं जहाज.