गव्हाचे रोप आणि पोत्यावर नसलेला आकडा



कापूस-ज्वारीवाल्यांच्या सभेत गव्हाचे काय काढले, असे तुम्ही म्हणाल. आपल्याकडे विहिरीला पाणी राहिले तर एक-दीड एकर गहू, तोही घरच्या पोळीपुरता. पण जमिनीत काय कालवले गेले आहे हे गव्हाचे कोवळे मूळ लवकर सांगते, आणि कापूस-ज्वारी त्याच जमिनीत आहे.

ऊन आपल्याला कळते. गव्हाच्या उगवणीला 20 ते 25 अंश तापमान मानवते. ओल उडून जाईल या धास्तीने ऑक्टोबरच्या तापल्या मातीत बी टाकले तर कोंब आखूड राहतो, मूळ खोल जात नाही, फुटवे कमी निघतात. विहिरीचे पाणी असेल त्याने नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा धरावा, एवढे बोलून पुढे जातो.

दिसत नाही ते कॅडमियम आणि शिसे. हे जड धातू स्फुरदाच्या खडकातून खतात येतात, शहरी कचऱ्याच्या कंपोस्टमधून येतात, सांडपाण्यातून येतात, कारखान्याच्या राखेपासून केलेल्या हलक्या झिंक सल्फेटमधूनही येतात. कॅडमियम आणि जस्त मुळाला सारखेच वाटतात, म्हणून जस्ताच्या दारातून कॅडमियम आत शिरते. आपल्या बऱ्याच जमिनींत जस्त मुळात कमी, म्हणजे दारात गर्दी नाही. आत गेल्यावर मुळाचे टोक वाढायचे थांबते आणि पेशींची पातळ त्वचा जळू लागते. उन्हाचा चटकाही रोपाला आतून असाच जाळतो. ही आग विझवायची ताकद रोपाजवळ असते, पण बेताची. दोन्हीकडून पेटले की पुरत नाही.

आम्ही तुम्हाला भिववायला आलो नाही. आपली काळी, चुनखडीची जमीन हे धातू घट्ट धरून ठेवते, पिकाला सहजी देत नाही. आंबट जमिनीत धोका जास्त. पण धरले म्हणजे संपले नव्हे. शेणखत कुजते, युरिया उडून जातो. कॅडमियम नातवाच्या वाटणीपर्यंत तिथेच राहते.

कायदा नाही असेही नाही. शहरी कंपोस्टच्या किलोत कॅडमियम 5 मिलिग्रॅम आणि शिसे 100 मिलिग्रॅमच्या वर असू नये, असा खत नियंत्रण आदेश आहे. झिंक सल्फेटलाही मर्यादा आहे. पण युरियाबरोबर लिंकिंग करून एखादे पोते गळ्यात मारतात, तेव्हा हा आकडा कुणी दाखवतो का? युरोपीय संघाने 16 जुलै 2022 पासून आपल्या शिक्क्याच्या स्फुरदखताला किलोभर स्फुरदामागे 60 मिलिग्रॅम कॅडमियमची मर्यादा घातली. आपल्या पोत्यावर नत्र-स्फुरदाचा आकडा छापतात, कॅडमियमचा नाही. 2015 साली मृदा आरोग्य पत्रिका आली. तिच्यात 12 तपासण्या. कॅडमियम नाही, शिसे नाही. परभणीला 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे. जिल्ह्यातच ही तपासणी शेतकऱ्याला परवडेल अशा दरात व्हावी आणि पोत्यावर आकडा छापावा, ही मागणी आपण घेऊन जाऊ.

तोवर घरी एवढे करा. दोन मडकी घ्या. एकात नुसती आपली माती, दुसऱ्यात तीच माती आणि विकत आणलेले कंपोस्ट. दोन्हींत वीस-वीस दाणे गहू, सावलीत, सारखे पाणी. दहाव्या दिवशी रोपे अलगद धुऊन मुळे मोजा. दुसऱ्या मडक्यातली आखूड, तपकिरी दिसली तर काहीतरी बिघडले आहे. ते कच्चे खत असेल, खार असेल किंवा धातू. कोणते ते प्रयोगशाळाच सांगेल. मात्र ते पोते शेतात ओतू नका. पावती जपा, आणि मूठभर नमुना पुढच्या बैठकीला घेऊन या.