भगत, धवलारीण आणि आपली दिंडी
(दिंडीच्या शतक महोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही चौथी शिकलेले. सकाळी चिखल आणि संध्याकाळी वीणा, यात साठ वर्षं उलटून गेली. मंडळींनी सांगितलं, बुवा, शंभर वर्षांबद्दल चार शब्द बोला. दिंडी कोणी काढली, कोणत्या साली तंबू घेतला, ट्रक कधी आला, हे सांगणारी जाणती माणसं आपल्याकडे आहेत. आम्ही बोलणार ते दिंडी ज्यांच्या दारावरून शंभर वर्षं गेली त्यांच्याबद्दल. वाडीवरचा भगत, आणि आपल्याच घरातली धवलारीण. या दोघांचा देवही गाण्यातच राहतो, आणि दोघांकडेही लोक दुखलंखुपलं घेऊन जातात. मग त्यांचं आणि आपलं नातं काय, हे एकदा उघड बोलायला हवं.

कार्तिकीला आपण आळंदीला निघतो. कल्याण सोडलं, मुरबाड मागे पडलं, की टोकावडे, वैशाखरे, मोरोशी अशी गावं लागतात आणि समोर माळशेज उभा राहतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ठाकरांच्या, कातकऱ्यांच्या, महादेव कोळ्यांच्या वाड्या. आपलं हरिपाठाचं आटोपलं, टाळ खाली ठेवले, की लांबून कुठनं तरी ढोल ऐकू येतो. नवे वारकरी विचारतात, बुवा, हे काय चाललंय? आम्ही सांगतो, त्यांचीही एकादशीच चाललीय म्हण.

तिकडं उत्तरेला, जव्हार, मोखाडा, डहाणूकडे वारली लोक. २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, त्याआधी हे सगळं आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. ठाणे शहराला टेकून येऊरचं जंगल आहे, तिथंही वारल्यांचे पाडे आहेत. त्यांचा तारपा ज्यांनी पाहिला नाही त्यांनी एकदा पाहावा. वाळलेला दुध्या भोपळा, त्याला खाली दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानाचा कर्णा, आणि सगळं मेणानं जोडलेलं. पीक हाताशी आलं की दिवाळीच्या सुमारास वाजतो. वाजवणारा मधे, नाचणारे एकमेकांच्या पाठीमागून हात धरून त्याच्याभोवती फेर धरतात. दोन गोष्टी आमच्या मनात बसल्या. एक, वाजवणाऱ्याचा श्वास तुटत नाही. गाल फुगवून तोंडातली हवा सोडत असतानाच तो नाकानं आत घेतो, त्यामुळे सूर खंडत नाही. दुसरी, फेरातला माणूस तारप्याला पाठ दाखवत नाही. आपल्या रिंगणात जसा विणेकरी मधे आणि बाकी सगळे त्याच्याभोवती, तसंच ते. आमच्या पखवाज्याला हे दाखवलं तेव्हा तो म्हणाला, बुवा, यांना कोणी शिकवलं? आम्ही म्हटलं, तुला कोणी शिकवलं? बापानं. मग त्यांनाही बापानंच.

त्यांच्या भगताकडे घांगळी असते. बांबूची दांडी, दोन भोपळे, एक तार. ती छेडत तो कणसरीची कथा गातो. कणसरी म्हणजे धान्याची माता. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही, पायाला दाणा लागला तर आपणही नमस्कार करतोच. कथा लांबलचक असते, सगळी तोंडपाठ, कुठे लिहिलेली नाही. वहीत बघून कीर्तन करणाऱ्या आजच्या पोरांनी हे ध्यानात घ्यावं!

आता आपल्या घराकडे या. कल्याण, डोंबिवली, भिवंडी पट्ट्यातल्या आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण असायची. भटजी नंतर आला. आधी मांडव उभा करण्यापासून हळद, तेलवण, देव बसवणं, सगळं धवलारणीच्या गाण्यावर चालायचं. ती धवला म्हणेल तेव्हाच विधी पुढे सरकायचा. वारल्यांमध्ये तिला धवलेरी म्हणतात. तिथं तर लग्न तीच लावते, बाईमाणूस असून. शब्द किती जुना आहे बघा. सातशे वर्षांपूर्वी महानुभाव पंथातल्या महदंबेनं श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून तिचं नाव घेतात. म्हणजे आपल्या रखुमाईच्या लग्नाचं गाणं आणि डोंबिवलीच्या चाळीतल्या म्हातारीचा धवला, एकाच शब्दानं बांधलेले आहेत. आज हळदीला डीजे लागतो, खिडक्यांच्या काचा थरथरतात, आणि धवला येणारी म्हातारी आत खोलीत कानात कापूस घालून बसलेली असते. हे आम्ही डोळ्यांनी बघतो.

आमचा नातू कॉलेजात आहे. हा विषय घरात निघाला तेव्हा त्यानं आम्हाला आफ्रिकेतल्या नायजेरिया देशातल्या योरुबा लोकांबद्दल वाचून दाखवलं. त्यांच्यात पुजारी असतो, त्याला बाबालावो म्हणतात. आपला भगत तांदळाचे दाणे मांडून बघतो, तसा तो ताडाच्या जातीच्या झाडाच्या सोळा बिया हातात घेऊन बघतो. त्यातून दोनशे छप्पन्न आकडे निघतात आणि प्रत्येक आकड्याची गाणी त्याला पाठ असावी लागतात. त्यांचा एक ढोल आहे, दोऱ्या काखेत दाबल्या की आवाज चढतो उतरतो, आणि त्यांची भाषाच सुरावर चालणारी असल्यामुळे तो ढोल चक्क बोलतो. ऐकणाऱ्याला शब्द कळतात. ओशोग्बो गावाला ओशुन नाव असलेल्या नदीदेवतेची देवराई आहे, २००५ साली ती जगाचा वारसा म्हणून युनेस्कोनं नोंदवली. आपल्या देवराया मात्र रस्त्याला आणि प्लॉटला गेल्या. समुद्रापलीकडे कुठला देश, पण भोपळा, बिया, ढोल, झाड हेच सगळीकडे. आम्हाला बरं वाटलं ऐकून.

आता कीर्तनकारांबद्दल बोलतो. राग मानू नका. भगताची टिंगल केली की मंडप हसतो. अंगात येणं, कोंबडं, लिंबू, सगळ्याची नक्कल करून दाखवतात. संतांनी नवसासायासाला, बळी देण्याला कडक शब्द वापरले, ते खरंच आहे आणि ते आम्ही सोडलेलं नाही. कोणी बाईला चेटकीण म्हणून मारत असेल, कोणी पैसा लुटत असेल, तर तिथं गप्प बसणं पाप. पण गरिबाच्या देवाला हसणं वेगळं आणि गरिबाला लुटणाऱ्याला अडवणं वेगळं. संतांनी दुसरं केलं.

हे आम्हाला एका पावसाळ्यात समोर दिसलं. आवणीचे दिवस. आमच्याकडे वाडीवरची ठाकर माणसं कामाला होती, पडवीत झोपायची. पहाटे त्यातला एक तरणा पोरगा पोट धरून उठला. चावल्याची खूण नाही, सूज नाही. थोड्या वेळात पापण्या मिटायला लागल्या, बोलणं जड झालं. कोणी म्हणालं लागीर आहे, कोणी म्हणालं रात्रीची दारू. आईनं माणूस पाठवून भगताला आणलं. भगत म्हातारा. त्यानं पोराच्या पापण्या बोटानं वर केल्या, हनुवटी धरून मान बघितली, आणि आमच्याकडे वळून म्हणाला, "बुवा, गाडी काढा. मण्यार हाय. ह्ये माज्या हातचं नाय." आईच्या समाधानाला कपाळी अंगारा लावला, तोही चालता चालता. मग टेंपोत पोराला कुशीवर निजवलं, छातीवर हात ठेवला आणि बारीक आवाजात गाणं धरलं. पोरगा घाबरून हातपाय झाडत होता तो शांत पडला. पहिल्या दवाखान्यात लस नव्हती. नाव घेत नाही, पण वेळ गेला. दुसरीकडे नेलं, तिथं लस टोचली आणि श्वासाच्या यंत्रावर ठेवलं. चौथ्या दिवशी पोरानं डोळे उघडले. आई आजही म्हणते भगतानं वाचवलं. डॉक्टर म्हणाले लसीनं आणि यंत्रानं वाचवलं. आम्ही दोघांनाही नाही म्हणत नाही, कारण त्या पहाटे गाडी भगताच्याच शब्दावर निघाली. आम्ही सांगितलं असतं तर त्या आईनं ऐकलं नसतं.

भगतानं मंत्र टाकला आणि माणूस उठला, असं आपण पुष्कळ ऐकतो. त्याचं कारण साधं आहे. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. विषारी सापही कधी नुसता चावतो, विष सोडत नाही. तेव्हा मंत्र घातला तरी माणूस वाचतो, न घातला तरी वाचतो. पण नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांचं विष अंगात गेलं तर लस हाच उपाय. एकच लस चारींवर चालते. घोड्याला थोडं थोडं विष टोचतात आणि त्याच्या रक्तातून ती तयार होते. आपल्या मुंबईच्या हाफकिनमध्येही बनते. आणि ते विष काढतं कोण? तमिळनाडूतल्या इरुळा आदिवासींनी १९७८ साली सहकारी संस्था काढली. ते साप धरतात, विष काढतात आणि साप परत सोडून देतात. देशातल्या लसीचं बहुतेक विष तिथून येतं. म्हणजे डॉक्टरच्या सुईतसुद्धा जंगलातल्या माणसाचीच विद्या आहे. भगताला हे सांगा, त्याची मान ताठ होईल आणि तो रोग्याला अडवून ठेवणार नाही.

झाडपाल्याचंही तसंच. सर्पगंधा साप चावल्यावर देत आले. सापावर तिचा उपयोग नाही. पण तीच मुळी रक्तदाब उतरवते, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली जगाला दाखवून दिलं. विंचवाचं उलटं झालं. लाल विंचू चावला की शंभरातली तीस-चाळीस माणसं दगवायची, मंत्र चालूच असायचे. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरची एक गोळी देऊन बघितली आणि मरणारे शंभरात एक-दोन-चारावर आले. कोकणातल्या भातशेतीत राबणाऱ्यांचा केवढा दुवा घेतला त्यांनी!

२०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला तेव्हा आपल्या मंडळींत चलबिचल होती, की वारी-कीर्तनावर गदा येईल. कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की कीर्तन, प्रवचन, भजन, यात्रा यांना तो लागू नाही. लागू कोणाला? साप, विंचू, कुत्रं चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून गंडेदोरे करणाऱ्याला. आमच्या त्या म्हाताऱ्या भगतानं हा कायदा वाचलेला नाही, पाळतो मात्र.

तेव्हा दिंडीतल्या प्रत्येकानं एवढं ध्यानात ठेवा. मण्यार रात्री येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दुखतसुद्धा नाही. मुक्कामाला मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचा, रात्री बाहेर जाताना बॅटरी घ्या. कोणाला चावलंच तर जखम कापू नका, तोंडानं ओढू नका, दोरी आवळू नका. चावलेला हातपाय फळीला बांधून हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा आणि लस कुठे आहे ते आधी विचारून मगच निघा. आपल्या चोपदारांनी वाटेवरच्या कुठल्या दवाखान्यात लस असते त्याची यादी निघण्याआधीच करून घ्यायची, असं मंडळींच्या बैठकीत ठरलं आहे.

दुसरं ठरलं ते असं. येत्या सप्ताहात एका रात्री जागराला वाडीवरची मंडळी ढोल घेऊन येणार आहेत, त्यांना आम्ही स्वतः जाऊन सांगून आलो. दुपारच्या वेळी धवला येणाऱ्या आयाबहिणी बसतील, आणि पोरांनी मोबाईलवर सगळं भरून घ्यायचं, मधे बोलायचं नाही. ज्यांच्या घरात अशी आजी असेल त्यांनी तिचं नाव, गाव आणि तिला कोणकोणत्या विधीचे धवले येतात ते लिहून ठेवावं. वही देवळात विण्याच्या खुंटीखाली ठेवली आहे, पेन दोरीला बांधलेला आहे. राम कृष्ण हरी.