न दुखणारा पाय



उन्हाळ्यातली दुपार आहे. देवळासमोरची फरशी तापलेली आहे. चप्पल बाहेर काढली की आपण चटके चुकवत, झपाझप पावले टाकत सभामंडपात शिरतो. पण वर्षानुवर्षे शुगर अंगात मुरलेला माणूस त्याच फरशीवरून सावकाश चालत जातो. त्याला चटका जाणवतच नाही. दर्शन होते, प्रसाद होतो, आणि रात्री घरचे कोणीतरी म्हणते, "अहो, तळव्याला हा केवढा फोड आलाय!"

मधुमेहाने नसा निकामी होतात तेव्हा हे असे घडते. डॉक्टर त्याला डायबेटिक न्यूरोपॅथी म्हणतात. आपल्या पारनेर भागातले पेशंट सांगतात, "पायाला मुंग्या येतात", "तळव्यांची आग होते", "गादीवर चालल्यासारखं वाटतं". एक तक्रार तर मी फार काळजीपूर्वक ऐकतो: "चप्पल पायातून कधी निसटली ते कळलंच नाही."

राळेगणसिद्धीच्या लोकांशी या विषयावर बोलावेसे वाटते, त्याला कारण आहे. १९७५ मध्ये अण्णा हजारे गावात परतले आणि पाणलोटाच्या कामाबरोबर गावाने दारूही बंद केली. तरुण मंडळींनी दुकानांतल्या विड्या, सिगारेटी, तंबाखू गोळा करून त्यांची होळी केली. गावाने हे केले ते संसार सावरण्यासाठी, पण त्याचा थेट फायदा पायांच्या नसांना आहे. दारू मधुमेह नसतानाही नसा खराब करते. विडी-सिगारेटने पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद होतात, आणि मग जखम भरत नाही.

तरीही शुगर आली. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत आणि ग्रामीण भागातले प्रमाण शेकडा ८.९ आहे. "मी सडपातळ, रानात राबणारा, मला कसली शुगर?" असे म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम समजून घ्यावे. १९९३ पासून त्यांच्या पथकाने पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि बाळे पाहिली. बाळांचे वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास भरले. इंग्लंडमधल्या बाळांचे साडेतीन किलो होते. वजन एवढे कमी, पण त्या मानाने अंगात चरबी टिकलेली. असे शरीर वरून बारीक दिसले तरी मधुमेहाकडे लवकर झुकते.

आता नसांकडे वळू. कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारी नस शरीरातली सर्वांत लांब, मोठ्या माणसात जवळपास मीटरभर. रक्तातली वाढलेली साखर नसेच्या धाग्यांना आणि त्यांना पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांना वर्षानुवर्षे इजा करत राहते. कालव्याचे पाणी कमी पडले की आधी टेलचा शेतकरी कोरडा राहतो, तसे इथे होते. आधी बोटांची टोके बधिर होतात, मग तळवा, मग मोजा घातल्यासारखा घोट्यापर्यंतचा भाग. हातांची पाळी बहुधा त्यानंतर येते.

सुरुवातीला आग, टोचणी, रात्री वाढणाऱ्या कळा. चादरीचा स्पर्शही नको होतो. तेव्हा माणूस दवाखान्यात येतो. वर्षा-दोन वर्षांनी कधीकधी ती आग आपोआप थांबते, आणि माणूस घरी आनंदाने सांगतो की पाय बरे झाले. श्रोतेहो, मला सर्वांत जास्त भीती वाटते ती या बऱ्या झालेल्या पायाची. कळ थांबली ती बहुतेक वेळा कळ पोहोचवणारी नसच मेली म्हणून. अशा पायात बाभळीचा काटा मोडतो, बुटात खडा राहतो, जोडवे सुजलेल्या बोटात रुतते, झोपेत उंदीर कुरतडून जातो, आणि माणूस त्याच पायावर दिवसभर खुरपत राहतो. मधुमेहात पाय कापावे लागतात त्यांतल्या शंभरांपैकी सुमारे ८५ जणांच्या बाबतीत सुरुवात एका लहान जखमेपासून झालेली असते.

ही समज वैद्यकशास्त्राला मिळाली ती कुष्ठरोगाकडून, आणि तीही आपल्या देशात. कुष्ठरोग म्हटले की आपल्याला बाबा आमटे आणि आनंदवन आठवते. तिकडे वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये आले आणि पुढे कुष्ठरुग्णांवर काम करू लागले. बोटे रोगाने आपोआप झडतात, असे तेव्हा मानत. ब्रँड यांना दिसले की संवेदना गेलेल्या हातापायांना नकळत रोज इजा होते, आणि बोटे जातात ती त्या इजांमुळे. पुढे अमेरिकेत गेल्यावर त्यांनी हेच ज्ञान मधुमेहाच्या पायांना लावले. कुष्ठरुग्णांना सरकारी कार्यक्रमातून मिळणारी मऊ तळाची एमसीआर चप्पल आज मधुमेहींनाही दिली जाते. ती घालायला काही जण लाजतात, लोक काय म्हणतील म्हणून. कृपा करून लाजू नका. ती चप्पल तुमचा पाय वाचवते.

घरी करायची एक तपासणी सांगतो. डोळे मिटून आडवे व्हा. घरातल्या कोणीतरी तुमच्या दोन्ही पायांचे अंगठे, मधली बोटे आणि करंगळ्या यांच्या टोकांना आपल्या बोटाने एक-दोन सेकंद हलका स्पर्श करावा. दाबायचे नाही, घासायचे नाही. स्पर्श झाला की तुम्ही सांगायचे. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळले नाही, तर पायाची जाण गेली आहे असे धरून त्याच आठवड्यात डॉक्टरांना पाय दाखवा.

अशा पायाने अनवाणी चालायचे नाही, घरातसुद्धा. निवृत्तिनाथांची पालखी आपल्याच जिल्ह्यातून जाते. तिच्याबरोबर अनवाणी चालण्याचा नेम असलेल्यांना मी हात जोडून सांगतो, तेवढा नेम सोडा. देवळात पहाटे जा, जाड मोजे घाला. पाय गरम पाण्यात बुडवू नका, अंघोळीचे पाणी दुसऱ्याला हात घालून बघायला सांगा. भोवरी ब्लेडने कापू नका, भेगांवर वजरी जोरात घासू नका. नसा गेल्या की पायाला घाम येत नाही, म्हणून कातडी फुटते. खोबरेल तेल लावा, पण बोटांच्या बेचक्यांत नको. रोज रात्री तळवे बघा. वाकता येत नसेल तर आरसा धरा, नाहीतर नातवाला बघायला सांगा.

औषधांबद्दल खरे ते सांगतो. प्रीगाबालिन, ड्युलॉक्सेटीन, अमिट्रिप्टिलीन या गोळ्यांनी आग आणि कळा कमी होतात, झोप लागते. मेलेली नस त्यांनी जिवंत होत नाही. पुढची हानी रोखते ते साखरेचे नियंत्रण, आणि ते जितके लवकर सुरू होईल तितके बरे. एक गोष्ट मात्र भरून काढता येते, ती म्हणजे बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. तिनेही पाय बधिर होतात. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्याने बी-१२ कमी होऊ शकते, आणि आपल्याकडच्या माळकरी मंडळींना ते दुधा-दह्यातून मिळेल तेवढेच. मेटफॉर्मिन मनाने बंद करू नका, रक्त तपासून घ्या.

बिघाड पायापुरताच राहतो असे नाही. उठताना चक्कर येणे, दोन घास खाल्ले तरी पोट गच्च वाटणे, पुरुषांना लैंगिक अडचण येणे, यांमागेही याच नसा असू शकतात. छातीत न दुखता हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. मधुमेह्याला एकाएकी दम लागला, दरदरून घाम सुटला, तर गॅस समजून घरी थांबू नका.

आणि एक पाय असा असतो की तो एकाएकी सुजतो, लाल होतो, दुसऱ्यापेक्षा गरम लागतो, पण फारसा दुखत नाही. लोक मुरगळला म्हणून चोळतात आणि कामाला जातात. आत हाडे ठिसूळ होऊन मोडत असतात. अशा पायावर वजन देऊ नका. त्याच दिवशी गाडीत बसवून दवाखान्यात आणा.

राळेगणच्या ग्रामसभेकडे माझे एक मागणे आहे. पायाची जाण तपासायला दहा ग्रॅम दाबाचा एक नायलॉनचा धागा पुरतो. त्याला वीज लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. वर्षातून एकदा, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला म्हणा, गावातल्या प्रत्येक मधुमेह्याने चप्पल काढून खुर्चीवर बसावे, आरोग्यसेवकांनी त्याचे दोन्ही पाय तपासावेत आणि निकाल त्याच्या कार्डावर लिहावा. ज्यांची जाण गेली आहे त्यांना पारनेरला नेण्यासाठी त्याच दिवशी गाडी ठरवावी. तपासायला मी येईन.