तारेच्या कुंपणाआत गेलेली लेखिका

आज पदवी घेणाऱ्या मुला-मुलींनो,

तुमच्यातल्या इंग्रजीवाल्यांना जेन ऑस्टेन ठाऊक असेल. 1811 मध्ये तिची पहिली कादंबरी छापली गेली, तेव्हा पुस्तकावर तिचं नाव नव्हतं. 'एका बाईने लिहिलेली' एवढंच होतं. आपल्याकडे 1933 मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला, त्यावर नाव होतं विभावरी शिरूरकर, पण तेही टोपणनाव. शिकलेल्या, लग्नाचं वय उलटत चाललेल्या मुलींच्या मनातलं त्यात उघड लिहिलेलं. समाज खवळला आणि ही बाई कोण, याचा शोध सुरू झाला.

त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. जन्म 1905 चा. महर्षी कर्व्यांच्या संस्थेत शिकल्या, मुलींना शिकवू लागल्या. या पुस्तकातली पात्रं तिथेच भेटली. 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' हे त्यातल्या एका कथेचं नाव. उद्या बोईसरच्या एमआयडीसीत लागून पहिला पगार घरी देणाऱ्या मुलींनी ती वाचावी आणि नव्वद वर्षांत किती बदललं ते स्वतः ठरवावं. (पालकांनी वाचली तरी माझी हरकत नाही.)

मला मात्र मालतीबाई ऑस्टेनपेक्षा मोठ्या वाटतात त्या 'बळी' या कादंबरीमुळे. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने काही जमाती जन्मापासूनच गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात अशांची तारेच्या कुंपणातली वसाहत होती. मालतीबाई तिथे सरकारी अधिकारी म्हणून गेल्या. ज्यांच्यावर देखरेख ठेवायची, त्यांच्याच झोपड्यांतली भूक, प्रेम, राग त्यांनी पाहिला आणि 1950 मध्ये त्याची कादंबरी झाली. हा कायदा देशभरातून रद्द व्हायला 1952 उजाडलं.

आपल्या तलासरी-डहाणूतही 1945 पासून कार्यकर्त्या गोदावरी परुळेकर वारली आदिवासींच्या पाड्यांवर वेठबिगारीविरुद्ध उभ्या होत्या. 'जेव्हा माणूस जागा होतो' हे त्यांचं पुस्तक कादंबरी नव्हे, पण त्यातली माणसं कुठल्याही कादंबरीला पुरून उरतील.

मालतीबाईंसारखी देखरेखीची जागा तुमच्याही वाट्याला येईल. तुमच्यातलं कुणी कंपनीत कंत्राटी कामगारांची हजेरी मांडेल. कुणी तहसील कचेरीत बसेल आणि समोर अक्करपट्टी-पोफरणचा माणूस अर्ज घेऊन येईल, ज्याचं गाव तारापूरच्या अणुवीज प्रकल्पासाठी उठलं. तुम्ही कादंबरी लिहाच, असं मी म्हणत नाही. ते सगळ्यांना जमत नाही आणि जमायलाही नको. पण हजेरीपटावरच्या माणसाला नावाने हाक मारा, त्याला बसायला सांगा, त्याचं पूर्ण ऐका.

आणि एक काम लगेच करा. गावातल्या वाचनालयाचे सभासद व्हा, पहिलं पुस्तक 'बळी' मागा. नसेल, तर ग्रंथपालांच्या मागे लागून ते मागवून घ्या.